तरवड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाद्रपद सरत आला की माझ्या फोनवर पिवळ्या फुलांचे फोटो यायला लागतात. "दादा, घटाच्या माळेचं ते हेच का?" निम्म्या फोटोंत तरवड नसतोच. कुणी टाकळा पाठवतं, कुणी रस्त्याच्या दुभाजकातलं शोभेचं झुडूप. दरवर्षी तीच उत्तरं टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवतो. मी वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक नाही. आमचं गाव माण तालुक्याच्या बाजूला, पाऊस जेमतेम ५०० मिलिमीटर, आणि घरामागच्या टेकडीवर तरवडाशिवाय फारसं काही नाही. त्यामुळे ओळख जुनी आहे.

तरवड म्हणजे नेमकं कोणतं झाड?

झाड नव्हे, झुडूप. माणसाच्या उंचीचं, फार तर दीड-दोन पुरुष. शास्त्रीय नाव सेन्ना ऑरिक्युलाटा. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये त्याला कॅसिया ऑरिक्युलाटा म्हटलं होतं, म्हणून जुन्या पुस्तकांत आणि औषधांच्या लेबलांवर अजून 'कॅसिया' सापडतं. दोन्ही एकच. आपल्याकडचं अस्सल देशी झुडूप आहे, भारत आणि श्रीलंकेतल्या कोरड्या भागातलं. संस्कृतात आवर्तकी, गुजरातीत आवळ, राजस्थानात आंवल, तमिळमध्ये आवारै, तेलुगूत तंगेडू. गुजराती 'आवळ' ऐकून आवळा समजू नका, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

ओळखायचा कसा?

फूल बघू नका, आधी पानाचं बूड बघा. संयुक्त पान आहे, मधल्या दांडीच्या दोन्ही बाजूंना आठ ते बारा जोड्या लहान पर्णिका, चिंचेपेक्षा बऱ्याच मोठ्या, टोक बोथट. हे तर टाकळ्याच्या भावंडांतही थोड्याफार फरकाने दिसतं. पण जिथे पानाचा देठ फांदीला चिकटतो तिथे तरवडाला दोन हिरवे गोल 'कान' असतात, मूत्रपिंडाच्या आकाराचे, चांगले ठळक. ही उपपर्णं. ऑरिक्युलाटा म्हणजे कानवाला, नाव यावरूनच पडलं. कान असले तर तरवड.

आणखी खात्री हवी असेल तर पानाच्या वरच्या बाजूने मधल्या दांडीवर, पर्णिकांच्या प्रत्येक जोडीच्या मध्ये बोट फिरवा. बारीक उभी ग्रंथी हाताला लागते, दाण्यासारखी.

फूल गडद पिवळं, पाच पाकळ्या, कडेला चुरगळल्यासारख्या, त्यांवर नारिंगी शिरा. शेंग मात्र एकदम निराळी: चपटी, कागदासारखी पातळ, तपकिरी, आतल्या बियांच्या जागा वरून मोजता येतात. हिवाळ्यात अशा शेंगांचे झुबके वाऱ्यावर खसखसत असतात.

टाकळा, बहावा, सोनामुखी यांच्यात आणि यात फरक काय?

सगळे नातेवाईक. टाकळा पावसाळ्यात उगवून सुकून जातो, त्याची शेंग लांब आणि बारीक, दाभणासारखी. बहावा मोठा वृक्ष, फुलांचे घोस खाली लोंबतात, शेंग काळी दांडक्यासारखी. तरवडाची फुलं फांदीच्या टोकाला वर तोंड करून येतात. कासविंदा चुरडला की घाण वास येतो, शिवाय त्याच्या पर्णिका टोकदार. रस्त्याच्या दुभाजकात, सोसायटीच्या बागेत जे तुकतुकीत पिवळं झुडूप दिसतं ते बहुतेकदा परदेशी सेन्ना असतं. तिथेही कानांची परीक्षा लावा.

सोनामुखीची एक गंमत. वाळवलेल्या सोनामुखीच्या पानांत तरवडाची पानं मिसळायची भेसळ फार जुनी आहे. औषधं तपासणाऱ्यांच्या पुस्तकांत त्याची वेगळी चाचणीच दिलेली असते: तीव्र गंधकाम्ल लावलं की तरवडाचं पान किरमिजी होतं. रेचक म्हणून तरवडाच्या पानात सोनामुखीइतका दम नाही, त्यामुळे गिऱ्हाईक फसतं, एवढंच.

तो नेमका कुठे येतो?

जिथे दुसरं काही यायला कुरकुरतं तिथे. मुरमाड उतार, बांध, ओढ्याचे कोरडे काठ, रेल्वेरुळांच्या कडा, पडीक माळ. सातारा-सांगलीचा पूर्व भाग, पुरंदर, बारामती, अहिल्यानगर, सोलापूर, धाराशिव, बीड या पट्ट्यात तर ठायी ठायी. सह्याद्रीचा माथा ओलांडून कोकणात उतरलात की तो दिसेनासा होतो, तिथला पाऊस त्याला सोसत नाही. नेवासे तालुक्यात तरवडी नावाचं गाव आहे, जिथून मुकुंदराव पाटील 'दीनमित्र' चालवायचे. ते नाव वाचलं की मला आधी वर्तमानपत्र नाही, पिवळा माळ आठवतो.

शेळ्या-मेंढ्या तरवड का खात नाहीत?

पाला कडू आणि तुरट. टॅनिन भरपूर, शिवाय सोनामुखीत असतात त्या जातीची रेचक द्रव्यं. भुकेली शेळी एखादा शेंडा ओरबाडते, पण त्यावर पोट भरत नाही. गाय-बैल तर हुंगून पुढे जातात.

आता यातूनच एक उलटा निष्कर्ष निघतो. ज्या टेकडीवर तरवडच तरवड उरलाय तिथे वर्षानुवर्षं अति चराई झालेली असते. गवत गेलं, बोरी-बाभळीचे कोंब गेले, जे तोंडाला लागत नव्हतं ते राहिलं. लोक म्हणतात, "तरवडाने माळ खाल्ला." अहो, माळ गुरांनी खाल्ला. तरवड मागे राहिला म्हणून तिथे माती तरी शिल्लक आहे.

नवरात्रात घटाला तरवडाची माळ का घालतात?

शास्त्रात कारणं शोधत बसू नका. आश्विनात देशावर सहज, फुकट आणि ढिगाने मिळणारं पिवळं फूल कोणतं? बांधावर तरवड, शेतात कारळा. झेंडू नंतर आला, तो लावावा लागतो. तरवड लावावा लागत नाही. माझी आजी पत्रावळीवर काळी माती पसरून त्यात सात धान्यं पेरायची, वर सुगड ठेवायची आणि आढ्याला बांधलेल्या दोरीला रोज एक माळ सोडायची. आमच्याकडे दिवस मोजायचे ते माळांवरच: "आज चौथी माळ", "सातव्या माळेला कडाकण्या करायच्या." माळ ओवायचं काम पोरांचं. तरवडाचं फूल दोऱ्यात ओवताना देठाच्या अगदी खाली सुई घालावी लागते, वर घातली की पाकळ्या गळून हातात नुसता देठ राहतो. माझ्या पहिल्या माळेत फुलं कमी आणि देठ जास्त होते. आजीने तीच माळ घटाला बांधली.

कितव्या माळेला तरवड हवा?

गावोगाव वेगळं. काही घरांत पहिलीच माळ तरवडाची, काही घरांत नऊच्या नऊ. हल्ली मोबाइलवर रोजच्या रंगासारखी रोजच्या फुलाचीही यादी फिरते. ती पाळायची तर पाळा, पण तुमच्या घरात आजी किंवा सासूबाई असतील तर आधी त्यांना विचारा.

तेलंगणात याला एवढा मान का?

कारण तो त्यांचं राज्यफूल आहे. आपलं ताम्हण, तसं त्यांचं तंगेडू. २०१४ मध्ये नवं राज्य झालं आणि फूल निवडायची वेळ आली तेव्हा त्यांनी गुलाब-कमळाकडे न जाता माळावरचा तरवड घेतला. मला ही निवड फार आवडते.

त्यामागे बतुकम्मा आहे. सर्वपित्री अमावास्येपासून नऊ दिवस बायका ताटात फुलांचे थर रचून उतरता मनोरा करतात, तो मध्ये ठेवून फेर धरतात, गाणी म्हणतात आणि शेवटी तळ्यात सोडतात. त्या मनोऱ्यात दोन फुलं हवीतच: तंगेडू आणि गुनुगु. गुनुगु म्हणजे आपला कुर्डू. आपल्या रानातली दोन तणं म्हणून हिणवलेली झाडं तिथे देवी होतात. बघायला हैदराबादला जायची गरज नाही, सोलापुरात तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली समाजाच्या वस्तीत नवरात्राच्या सुमाराला गेलात तरी बतुकम्मा दिसेल. आणि आपला भोंडला, तोही याच दिवसांतला, तोही फेर धरूनच.

तमिळनाडूत पोंगलच्या आदल्या दिवशी, भोगीला, कडुलिंबाच्या डहाळ्यांबरोबर आवारैची फुलं दाराला बांधतात. तिकडची एक म्हण आहे, तिचा अर्थ असा: आवारै फुललेला असताना मेलेला कुणी पाहिलाय का? औषधी गुणांबद्दलचा त्यांचा विश्वास एका ओळीत आला.

राजस्थानच्या सीमेची गोष्ट खरी आहे का?

आंवल-बांवलची. पंधराव्या शतकात मेवाडचा राणा कुंभा आणि मारवाडचा राव जोधा यांच्यात तह झाला, तेव्हा जिथे आंवल उगवतो तो मुलूख मेवाडचा आणि जिथे बाभळ उगवते तो मारवाडचा, अशी हद्द ठरली असं तिथे सांगतात. आंवल म्हणजे आपला तरवड. पाऊस आणि माती ओळखून आखलेली हद्द. आमच्याकडे बांधावरून भांडणं होतात तेव्हा मोजणीवाल्याला हे सांगावंसं वाटतं.

तरवडाच्या सालीने चामडं कमावायचे म्हणजे काय करायचे?

कच्चं कातडं कुजतं. त्याला टॅनिन पाजलं की त्यातले तंतू घट्ट होतात आणि ते चामडं होतं. हे टॅनिन बाभळीच्या सालीत आहे, हिरड्यात आहे आणि तरवडाच्या सालीत साधारण १८ टक्क्यांच्या आसपास आहे. झुडपाच्या मानाने हे प्रमाण चांगलंच. फांद्या तोडून साल सोलायची, वाळवून कुटायची, पाण्यात भिजवायची आणि त्या पाण्यात कातडी दिवसचे दिवस ठेवायची. खास करून शेळ्या-मेंढ्यांच्या कातड्याला ही साल चांगली मानली जाई. चामडं मऊ, फिकट रंगाचं निघतं. दोष एक: उजेडात ठेवलं की तांबूस पडतं. म्हणून शेवटचा हात हिरड्याच्या पाण्याचा द्यायचे.

मद्रासहून जे कमावलेलं चामडं इंग्लंडला जायचं, त्याची मदार बरीचशी या सालीवर होती. विसाव्या शतकात दक्षिण आफ्रिकेतून वॅटल या बाभळीच्या जातीच्या झाडाची साल येऊ लागली, पुढे क्रोमियमच्या क्षारांनी कमावणं आलं, आणि तरवड मागे पडला. इंग्रजीत त्याला अजून 'टॅनर्स कॅसिया' म्हणतात, म्हणजे चामडं कमावणाऱ्यांचा कॅसिया. ते काम ज्यांनी पिढ्यानपिढ्या केलं, त्यांना गावाने ओढ्याच्या पलीकडे ठेवलं. आणि त्याच झुडपाचं फूल घटावर.

तरवडाच्या फुलांचा चहा घेतला तर साखर उतरते का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून नीट वाचा.

तमिळनाडूतल्या पारंपरिक सिद्ध वैद्यकात मधुमेहासाठी 'आवारै कुडिनीर' नावाचा काढा आहे, त्यात तरवड मुख्य. श्रीलंकेत वाळवलेल्या फुलांचा चहा 'रणवरा' नावाने घरोघरी पितात. प्रयोगशाळेत उंदरांवर फुलांच्या अर्काने साखर कमी झाल्याचे अनेक अभ्यास आहेत. म्हणजे त्यात काही ना काही आहे. पण उंदीर म्हणजे तुमचे वडील नव्हेत. माणसांवर मोठ्या प्रमाणात, काटेकोर चाचण्या झाल्यात असं नाही.

दुसरी बाजू कुणी सांगत नाही. तुम्ही साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेत असाल आणि वर हा काढा सुरू केला, तर साखर एकदम खाली येण्याचा धोका राहतो. फिटसाठीच्या कार्बामाझेपाइन या गोळीची रक्तातली पातळी तरवडाच्या अर्काबरोबर वाढते, असं प्राण्यांवरच्या प्रयोगात दिसलेलं आहे. श्रीलंकेतल्याच अभ्यासकांनी या वनस्पतीत यकृताला त्रासदायक ठरणारी अल्कलॉइड्स नोंदवली आहेत. गरोदर बाईने तर घेऊच नये. एखाद्या वेळी चार पाकळ्यांचा चहा प्यायल्याने काही होणार नाही. पण रोज, महिनोन्महिने, डॉक्टरांना न सांगता? नको. आमच्या नात्यातल्या एका काकांनी गोळी बंद करून काढाच सुरू केला होता. दोन महिन्यांनी पायाची जखम भरेना तेव्हा सांगितलं. पाय वाचला.

भुंगे एवढे का घोंगावतात? मध मिळतो का?

मध नाही. या फुलात मकरंदच नसतो, मिळतात फक्त परागकण. आणि तेही सहज नाही. परागकोश सबंध उघडत नाहीत, टोकाला नुसतं छिद्र पडतं, मिठाच्या डबीसारखं. परागकण बाहेर काढायचे तर ते हलवायला हवेत.

सकाळी आठ-नऊच्या सुमाराला झुडपाजवळ दहा मिनिटं उभे राहा. मोठा काळा भुंगा येतो, फुलाला पायांनी मिठी मारून लटकतो. पंख मिटलेले. आणि मग अंग थरथरवतो. उडतानाचा घुंईई आवाज एकदम वरच्या पट्टीत जातो, क्षणभरच, आणि पराग पावडरीसारखे त्याच्या पोटावर सांडतात. हा आवाज एकदा ओळखीचा झाला की दुरूनही कळतं, भुंगा उडतोय की फूल हलवतोय. आणि आणखी एक गंमत: काही फुलांत मधली वाकडी दांडी, म्हणजे स्त्रीकेसर, डावीकडे वळलेली असते, काहींत उजवीकडे. आरशातल्या जोडीसारखी. भुंग्याच्या एका कुशीला लागलेले पराग उलट्या बाजूच्या फुलात नेमके पोचावेत म्हणून ही सोय, असं मानतात. पोरांना दाखवा, अर्धा तास मोबाइल विसरतील.

पानांवर हिरव्या अळ्या झाल्यात. फवारू का?

नका फवारू. एमिग्रंट जातीच्या फुलपाखरांच्या असतील, त्या तरवड-बहाव्यासारख्या झाडांवर वाढतात. झुडूप मरत नाही, पावसात परत पालवतं.

बी कसं रुजवायचं?

बीचं कवच कठीण, तसंच पेरलं तर वर्षभर पडून राहील. पाणी उकळवा, गॅस बंद करा, बी त्यात टाका आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी जे फुगलेलं असेल ते पेरा. जे फुगलं नाही त्याला पुन्हा एकदा तेच. किंवा वाळूत घालून पाट्यावर हलक्या हाताने घासा.

पिशवीत रोप करण्यापेक्षा जागेवरच पेरणं बरं. मुळी सरळ खाली धावते आणि पिशवीत वळली की पुढे झुडूप रडतं. मृगाचा पाऊस झाला की वीतभर जागा मोकळी करून तीन-तीन बिया टोका. पहिलं वर्ष तो दिसतोय की नाही असा असतो. दुसऱ्या पावसाळ्यानंतर फुलं.

कुंडीत, गॅलरीत येईल का?

खोल कुंडी आणि दिवसभर ऊन असेल तर येईल, पण रोज पाणी घालणाऱ्या माणसाकडे टिकणार नाही. आठवड्यातून एकदा पुरे. खत नको. माझ्या पुण्यातल्या बहिणीने प्रेमाने दोन तरवड बुडवून मारले.

शेंगवर्गीय आहे, म्हणजे जमिनीत नत्र साठवत असेल ना?

नाही. शेंगा येणारं प्रत्येक झाड ते करत नाही. सेन्नाच्या मुळांवर नत्राच्या गाठी येत नाहीत. पाला मात्र हिरवळीचं खत म्हणून चांगला, दक्षिणेत भाताच्या खाचरात तुडवतात.

आमच्या टेकडीवर झाडं लावायचीत. आधी तरवड काढून टाकायचा का?

यासाठीच खरं तर हे पान लिहायला घेतलं.

आमच्या टेकडीवर काही वर्षांपूर्वी वृक्षारोपण झालं. जेसीबीने तरवड उपटला, खड्डे घेतले, गिरिपुष्प आणि आणखी काहीबाही लावलं, फोटो निघाले. पहिल्याच उन्हाळ्यात बहुतेक रोपं वाळली. दुसऱ्या पावसात उघड्या उतारावरून लाल पाणी वाहिलं आणि खाली आमच्या विहिरीच्या काठाशी मुरूम येऊन बसला. ज्यांनी केलं त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना टेकडी 'उजाड' दिसली. तरवड असताना ती उजाड नव्हती.

आता त्याच टेकडीच्या न उकरलेल्या बाजूला जाऊन बघा. तरवडाच्या जुन्या बुंध्यात, फांद्यांच्या गर्दीत, एखादं कडुलिंबाचं किंवा बोरीचं पोर हमखास सापडतं. पक्षी फांदीवर बसतो, बी खाली पडतं, सावलीत ओल टिकते आणि गुरं तिथे तोंड घालत नाहीत. तीन-चार वर्षांत लिंब डोकं वर काढतो. तेव्हा झाडं लावायचीच असतील तर तरवडाच्या आत लावा. बुंध्यापासून हातभर अंतरावर, उताराच्या वरच्या बाजूला छोटा खड्डा घ्या आणि तिथल्याच झाडाचं बी किंवा रोप लावा. तरवड कुंपणही होतो आणि दाईही. आम्ही गेली दोन वर्षं असं करतोय. ट्री-गार्डचा खर्च शून्य. आणि उताराचा जो भाग मुळात गवताचा आहे तिथे झाडांचा हट्ट धरू नका, गवत राहू द्या.

शाळेत मास्तर तरवडाचा फोक वापरायचे, तो का?

लवचिक, सरळ आणि शाळेच्या कुंपणालाच मिळायचा म्हणून. आणायला आम्हालाच पाठवायचे, त्यामुळे कोवळा निवडून आणायची कला आम्हाला अवगत होती. कोवळा लवकर मोडतो.

माळेसाठी फुलं कशी तोडावीत?

सकाळी लवकर, दव असताना. दुपारी तोडलेली संध्याकाळपर्यंत कोमेजतात. फांदी मोडू नका. बाजारात जुड्या विकायला आणणारे बुंध्यातून कोयत्याने तोडतात आणि त्या झुडपाला त्या वर्षी शेंग येत नाही. फूल तेवढं खुडा, प्रत्येक घोसात तीन-चार मागे ठेवा. कळ्या तोडू नका, त्या उद्याच्या माळेला लागतील. पिशवी कापडी घ्या, प्लॅस्टिकमध्ये फुलांना घाम येऊन ती काळी पडतात.

आणि जाताना पायात बूट घाला. तरवडाला काटा नाही, पण त्याच्या बुडाशी सराटे असतात.